एका फोनवरची एकतीस मतं

माझा स्वभाव संशयी आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं, मागाहून कुणी म्हणायला नको. चहात साखर थोडी जास्त पडली तरी मी बायकोला विचारतो, "आज काय काम काढलंस?" ती म्हणते, "तुमच्याशी संसार करायचा म्हणजे रोज उठून तिकीट दाखवायचं." तिचं चुकत नाही. धाराशिव जिल्ह्यात एसटीच्या लाल गाड्यांमध्ये मी आयुष्यभर तिकीट तपासनीस होतो. लोक तोंडावर चेकरसाहेब म्हणायचे. पाठीमागं काय म्हणायचे, ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

फुकटा माणूस मला लांबून ओळखू यायचा. चेकर गाडीत चढला की तिकीटवाला घाबरतो, खिसे चाचपतो, सापडत नाही म्हणून रडकुंडीला येतो. बिनतिकिटाचा मात्र शांतपणे खिडकीबाहेर बघतो, बाहेरची तूर जणू त्याच्याच मालकीची. सबबी तर काय काय ऐकल्या! पण सगळ्यांत वरचा नंबर एका बाईचा. येडशीच्या पुढं आम्ही गाडी अडवली होती. बाई मागच्या बाकावर, पदराखाली शेळीचं काळं पिल्लू. तिचं स्वतःचं तिकीट होतं, पिल्लाचं नव्हतं. जनावराचंही तिकीट काढावं लागायचं, आणि तेव्हा ती तिकिटं पातळ कागदाची असायची. मी विचारलं, "पिल्लाचं तिकीट कुठंय?" ती म्हणाली, "काढलं हुतं साहेब. पिल्लानं खाल्लं."

सगळी गाडी हसली. मीही हसलो. कंडक्टरला विचारलं तर तो म्हणाला, गर्दीत आठवत नाही. दंड भरायची बाईची ऐपत नव्हती, तेव्हा तिला पिल्लासकट खाली उतरवलं. दोन्हीकडं नुसता माळ होता. हा किस्सा मी पुढं कितीतरी वर्षं लग्नकार्यांत सांगत आलो, आणि दर वेळी टाळी घेतली.

निवृत्त झाल्यावर सहा महिने घरात बसलो आणि घरच्यांचा अंत पाहिला. शेवटी मुलीनंच फोनवर एक जाहिरात दाखवली. पुण्याच्या एका कंपनीची 'पारडं' नावाची वेबसाइट होती. मराठी वाचून खऱ्याखोट्याचा निवाडा करणारी माणसं त्यांना हवी होती, काम घरबसल्या. मुलाखत घेणारी मृण्मयी मॅडम माझ्या मुलीच्या वयाची. तिनं विचारलं, "काका, कॉम्प्युटरचा अनुभव किती?" मी म्हणालो, "शून्य. लबाडी पकडायचा मात्र भरपूर." तिनं लगेच घेतलं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी धंदा सांगतो. पारड्यावर कुणीही आपलं मत मांडायचं. वाचणाऱ्याला पटलं तर त्यानं वरचा बाण दाबायचा, नाही पटलं तर खालचा. वरची मतं मिळाली की लिहिणाऱ्याचं 'वजन' वाढतं, खालची मिळाली की उतरतं. वजन वाढलं की नावापुढं तांब्याचं नाणं येतं, मग चांदीचं, मग सोन्याचं. हे नाणं कुठल्याही दुकानात चालत नाही. तरी त्यासाठी लोक काय वाटेल ते करतात, कारण सोन्याचं नाणं असलेला माणूस बोलला की बाकीचे ऐकतात. आणि ऐकून घेतलं जाणं ही भूक, सांगतो तुम्हाला, पोटाच्या भुकेहून वाईट.

माझं काम निरीक्षकाचं, म्हणजे खोटी मतं वेचून काढायचं. एकच माणूस दहा नावांनी खाती उघडतो आणि स्वतःची आरती स्वतःच ओवाळतो. एक क्लासवाले सर होते. त्यांचं प्रत्येक मत सकाळी नऊ ते साडेनऊच्या दरम्यान साठ-सत्तर जणांना एकदम पटायचं. रविवारी कुणालाच पटायचं नाही! मी त्यांना लिहिलं, "सर, पोरांना शिकवा." त्यांनी 'निरीक्षकांची दादागिरी' असं मत मांडलं. तेही सोमवारी नऊ वाजता साठ जणांना पटलं.

दुसरं एक प्रकरण असं, की पुरणपोळी दुधाशी खावी की गुळवणीशी यावर लिहिणाऱ्या एका बाईंना रोज न चुकता एक खालचं मत पडायचं, तेही त्यांच्याच घरच्या इंटरनेटवरून. मला वाटलं, मोठाच कट आहे. फोन केला तर बाई म्हणाल्या, "अहो, ते आमचे हे आहेत. तोंडावर बोलायची हिंमत होत नाही, म्हणून तिथं दाबतात. दाबू द्या बिचाऱ्यांना."

अशा अनुभवांतून मी एक नियम बसवला. एका फोनवरून पाचाहून जास्त खाती मत देत असतील, तर ती सगळी मतं बाद आणि ज्याला मतं मिळाली त्याच्या पानावर लाल पट्टी: 'या खात्याला मिळालेली मतं बनावट आढळली आहेत.' पुण्याच्या ऑफिसात त्याला 'काकांचा नियम' म्हणायचे. मला अभिमान होता. का नसावा? माझ्या नियमानं सर सापडले, सरपंचकीला उभे राहणारे दोघे सापडले, एक कवीही सापडला.

आणि द्वारकाबाई सापडली.

द्वारकाबाई येरमाळ्याजवळच्या वस्तीवरची, शेरडं-मेंढरं सांभाळणाऱ्या घरातली. पारड्यावर ती शेळ्यांविषयी लिहायची. म्हणजे ती बोलायची आणि वस्तीवरच्या बायांच्या गटातली एक शिकलेली सून टाइप करायची. काळ्या उस्मानाबादी शेळीची पारख कशी करावी, पोट फुगलं तर डॉक्टर येईपर्यंत काय करावं, जुळ्या करडांतल्या दुबळ्याला आधी कसं पाजावं. लिहिणं एकदम रोकडं. "कान लांब आन् लोंबतं हाय म्हंजी जात खरी, असं न्हाय. आईला बघा, मग कान बघा." वर्षभरात तिच्या नावापुढं चांदीचं नाणं आलं. बाजारात दलाल जिला बोलू देत नव्हते, तिला विचारून लांबलांबचे लोक बोकड ठरवू लागले. तिच्या गटातल्या बायांचा मालही तिच्या शब्दावर जाऊ लागला.

मग तक्रारी आल्या, एकदम बारा. नागपूर, जळगाव, कोल्हापूर, बारा गावांची बारा माणसं: 'ही बाई खोटी मतं गोळा करते.' पशुपालनाच्या विभागात सोन्याचं नाणं असलेले एकच गृहस्थ होते, 'पशुमित्र' नावाचे. ते माझ्याशी फोनवर बोलायचे, गोड बोलायचे. तेही म्हणाले, "काका, मला कुणाचं नाव घ्यायचं नाही, पण त्या बाईंकडं जरा बघा."

बघितलं. डाळीत काळं नव्हतं, सगळी डाळच काळी होती! दर मंगळवारी दुपारी, वीस मिनिटांच्या आत, एकाच फोनवरच्या एकतीस खात्यांपैकी तिचं स्वतःचं सोडून बाकीची तिच्यासाठी मत देत होती. कधी सगळी, कधी पंधरा-वीस. मी खुर्चीत ताठ झालो, गाडीत फुकटा दिसल्यावर व्हायचो तसा. दहा मिनिटांत निकाल दिला. मतं बाद, खाती बंद, वजन शून्य, लाल पट्टी.

तिनं दाद मागितली. एकच ओळ होती: "फोन येक हाय, बाया येकतीस हाईत. येऊन बघा." मी हसून सबबींच्या यादीत टाकली. पंचवीस कोसांवरही नव्हती ती वस्ती, सकाळच्या गाडीनं गेलो असतो तर दुपारी परत आलो असतो. गेलो नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

त्या लाल पट्टीचा फोटो कुणीतरी काढला आणि तो जिल्ह्यातल्या सगळ्या शेळीवाल्यांच्या ग्रुपवर फिरला. खोटारडी बाई. तिला कुणी विचारेना, तिच्या गटातल्या बायांचे बोकड बाजारातून माघारी येऊ लागले. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी 'करावं तसं भरावं' म्हणालो असतो, हेही कबूल करतो.

दोन महिन्यांनी पशुमित्रांनी लिहिलं, की तीन दिवस देवदर्शनाला गेलो होतो, उत्तरं द्यायला उशीर झाला. आता माझा स्वभाव. देवदर्शन म्हटलं की मला संशय येतो. त्या तीन दिवसांत पशुपालनाच्या विभागात आणखी कोण गप्प होतं, ते सहज काढून बघितलं. ते बाराच्या बारा तक्रारदार गप्प होते. नागपूर, जळगाव, कोल्हापूर, सगळे एकदम गप्प आणि चौथ्या दिवशी दुपारी सगळ्यांना एकदम वाचा फुटली. आपण भलत्याच गावात असल्याचं दाखवायची सोय फोनमध्ये असते. बारा गावं खोटी होती. माणूस एकच.

कारणही सापडलं. पशुमित्रांचं शेळ्यांच्या ताकदीच्या पावडरीचं दुकान होतं, आणि द्वारकाबाईनं लिहिलं होतं, "पावडरीपरीस बाभळीच्या शेंगा चारा."

मग मी त्या एकतीस खात्यांची मतं पुन्हा उघडली. या वेळी नीट वाचली. एका मंगळवारी द्वारकाबाईच्या एका उपायाला त्याच फोनवरून चौदा खालची मतं पडली होती. उपाय लागू पडला नव्हता, म्हणून. अहो, जो स्वतःसाठी खोटी मतं उभी करतो तो स्वतःलाच चौदा खालची मतं देईल का? शाळेतल्या पोराला कळलं असतं. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी बघितलं नव्हतं. खोटा पासवाला पुढच्या बाकावर बसून माझ्याशी गप्पा मारत होता, आणि मी तिकीटवालीला उतरवून मोकळा झालो होतो.

पशुमित्राला काढलं. बायांची खाती उघडली, पट्टी हटवली. पण गेलेलं वजन परत द्यायची सोय त्या यंत्रणेत नव्हती. मृण्मयी मॅडम म्हणाली, "काका, त्यांना शून्यापासून सुरू करू दे." मी म्हणालो, नियम बदला. ती म्हणाली, विचार करू. निदान माफीचं पत्र तरी द्या म्हणालो, तेवढं तिनं दिलं. ते छापून घेतलं, घडी करून खिशात घातलं आणि मंगळवारच्या गाडीनं येरमाळ्याला निघालो. माझं तिकीट मी उतरेपर्यंत मुठीत धरलं होतं. सवय.

वस्तीवर पत्र्याच्या शेडखाली बाया गोल बसल्या होत्या, मधे पितळी परात. भोवती शेरडं. द्वारकाबाई साठीच्या घरातली, डोक्यावर पदर, हातात काठी. मी नाव सांगितलं, पारड्यावरून आलोय म्हणालो. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं, बराच वेळ.

"पारड्यावरनं आलाव म्हंता. वळखपत्र दाखवा."

माझ्याकडं नव्हतं. घरबसल्या काम करणाऱ्याला कंपनी कसलं ओळखपत्र देणार? मी खिसे चाचपत उभा राहिलो, उगीचच, कारण त्यात काही नाही हे मला माहीत होतं.

"ऱ्हाऊ द्या. बसा," ती म्हणाली. "आधी आमचं काम हुंद्या."

त्यांचं काम मी डोळ्यांनी बघितलं. चैत्री पुनवेला येरमाळ्याच्या येडाई देवीच्या यात्रेत चुन्याच्या रानात पांढरे खडे वेचायची रीत आहे. या गटातल्या प्रत्येक बाईनं त्यातला एकेक खडा जपून ठेवला होता. शिकलेली सून पारड्यावरचं एकेक मत वाचून दाखवायची. ज्या बाईनं तो उपाय स्वतःच्या शेरडीवर करून बघितलाय, तिनंच उठायचं, आपला खडा परातीत टाकायचा आणि काय झालं ते सगळ्यांसमोर सांगायचं. मग गटाचा एकुलता एक फोन तिच्या हातात. तिच्या नावाचं खातं, तिचा अंगठा, तिचा बाण. एक बाई खडा टाकून म्हणाली, "माझ्या शेरडीला काय बी फरक न्हाय पडला," आणि द्वारकाबाईसमोरच तिनं खालचा बाण दाबला. द्वारकाबाई नुसती "बरं" म्हणाली.

इतकं चोख मतदान मी उभ्या आयुष्यात बघितलं नव्हतं. आणि हेच मी बनावट ठरवलं होतं. लाज वाटली. साठी उलटलेल्या माणसाला वाटू नये इतकी वाटली.

मी उभा राहिलो. चूक माझी, म्हणालो. पशुमित्राचं सगळं सांगितलं. खिशातून पत्र काढलं, चष्मा शोधायला दुसऱ्या खिशात हात घातला, आणि तेवढ्यात मागून एका काळ्या पिल्लानं माझ्या बोटांतून पत्र ओढलं. मी "अरे, अरे!" म्हणेपर्यंत कंपनीचा शिक्का आणि मृण्मयी मॅडमची सही त्याच्या तोंडात. बाया पोट धरधरून हसल्या. मीही हसलो.

द्वारकाबाई हसली नाही.

"खाल्लं का कागूद? आता जाऊन सांगा तुमच्या म्याडमला, शेरडीच्या पिल्लानं खाल्लं. इश्वास ठिवतील?"

माझं हसू तिथंच वाळलं.

"येडशीच्या म्होरं उतरिवलं हुतं तुमी मला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "म्हायेरनं पिल्लू दिलं हुतं, संसाराला हातभार म्हणून. त्येचं तिकीट म्या काढलं हुतं. त्येनं खाल्लं. तुमी हसलाव, समदी गाडी हसली. दिस मावळंस्तवर चालले म्या पिल्लू काखंत घिऊन. ह्यी समदी त्येच पिल्लाची लेकरं-नातरं हाईत." तिनं काठीनं सगळा कळप दाखवला.

मला तिचा चेहरा आठवत नव्हता. वाक्य आठवत होतं. ते सांगून मी किती टाळ्या घेतल्या, तेही आठवत होतं. आणि ती तर मला वाटेनं येतानाच ओळखून बसली होती.

"द्वारकाबाई," मी म्हणालो, "दोन्ही वेळा तुम्ही खरं बोलत होतात. मला माफ करा."

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "टाक बाई खडा. माणूस सोता आलाय चालत."

द्वारकाबाईनं पदराच्या गाठीतला आपला खडा काढला, तळहातावर धरला. "सोता आला, चूक झाली म्हणाला, ह्ये खरं हाय. त्येला खडा टाकते." तिनं टाकला. "पन माफ केलं म्हणून टाक म्हणाल, तर न्हाय टाकनार. देवीचा खडा हाय. खोटं कशाला बोलू?"

चहा मात्र दिला. बिनदुधाचा नाही, शेळीच्या दुधाचा, चांगला दाट.

घरी आलो आणि पारड्यावर पहिल्यांदाच स्वतःच्या खऱ्या नावानं एक मत मांडलं. निरीक्षकांना तशी मुभा असते, मी कधी घेतली नव्हती. लिहिलं: 'शेळीचं पिल्लू तिकीट खातं. या कारणासाठी मी एका बाईला गाडीतून उतरवलं होतं. ती खरं बोलत होती. पुढं तिच्या गटाची मतंही मी बनावट ठरवली. तीही खरी होती.' खाली द्वारकाबाईचं नाव, गाव आणि तिच्या पानाचा पत्ता दिला.

खालच्या मतांचा पाऊस पडला. "काका, कायपण!" "वजन वाढवायची नवी युक्ती." "पिल्लानं तिकीट खाल्लं म्हणे, आम्ही काय गवत खातो का?" क्लासवाले सर परत आले होते, नव्या नावानं. सकाळी नऊ वाजता साठ जणांना मी खोटा वाटलो.

मंगळवार आला. दुपारी माझ्या मताला वरची मतं पडू लागली. वीस मिनिटांत एकतीस. एकाच फोनवरून. म्हणजे तिनंही खडा टाकला होता. माफ केल्याचा नव्हे, हे मला पक्कं कळत होतं. लिहिलंय ते खरं आहे, एवढ्याचाच. मी तो एकतीसचा आकडा बघत बसलो आणि डोळे भरून आले. बायकोनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "कांदा." ती म्हणाली, "कांदा मी अजून चिरलेला नाही."

यंत्रानं अर्थातच ती मतं अडवली आणि तपासायला माझ्याकडंच पाठवली. स्वतःचं प्रकरण स्वतः तपासायचं नसतं, म्हणून मी ती मृण्मयी मॅडमकडं धाडली. सोबत लिहिलं, 'ही माणसं मी स्वतः बघितली आहेत.' तासाभरात तिचा फोन आला. बिचारी अवघडली होती.

"काका, मला तुमचं पटतंय. पण फोन एक आहे, मतं तुमच्या बाजूची आहेत आणि साक्षीदारही तुम्हीच. मी सोडली तर उद्या सगळे बोट दाखवतील. नियम तुमचाच आहे ना?"

"माझाच," मी म्हणालो.

मतं बाद झाली. माझ्या पानावर लाल पट्टी आली: 'या खात्याला मिळालेली मतं बनावट आढळली आहेत.' ती अजून तिथंच आहे. काढा म्हणून मी अर्ज केलेला नाही.